जनरेटर गरम असताना पेट्रोल नको

संपादक महोदय,

गुरुवारी वीज गेली की लक्ष्मी रस्त्याच्या आसपासच्या दुकानांपुढे छोटे पेट्रोल जनरेटर धडधडू लागतात. गणेशोत्सवात मंडपांमागेही तेच. परवा एका बोळात पोऱ्या चालू मशीनमध्येच पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल ओतत होता. चार थेंब तापलेल्या सायलेन्सरवर सांडून चुर्रकन उडाले, आणि शेजारीच वडापावची शेगडी! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. मशीन बंद करावे, पुरते निवू द्यावे, मगच नरसाळ्याने भरावे आणि टाकी काठोकाठ भरू नये. तेवढ्यात गिऱ्हाईक काही पळून जात नाही.

धूर त्याहून घातक. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके दुखते, मळमळते, गरगरते आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. जिन्याखाली किंवा अर्ध्या शटरआड जनरेटर लावणे म्हणजे जिवाशी खेळ. खिडकी उघडून भागत नाही. तो उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब हवा. पेठांत एवढी जागा कुठली, हे मान्य. मग सरळ इन्व्हर्टर घ्यावा.

काही जण जनरेटरला जोडलेली, दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. ती वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव घेऊ शकते. एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवलाच पाहिजे. मंडपाला परवानगी देताना महापालिकेने जनरेटरची जागाही तपासावी.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे