तुझ्या टेबलावरच्या पाच बाटल्या

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात तुझ्याकडे राहिले, तेव्हा तुझ्या टेबलावरच्या पूरक गोळ्यांच्या पाचही बाटल्यांची बारीक अक्षरातली लेबले मी चष्मा लावून वाचली. एकीवर ताण, दुसरीवर झोप, तिसरीवर उत्साह असे लिहिले आहे, पण तिन्हींत बी-६ जीवनसत्त्व आहे. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ पोटात गेले तर नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. म्हणून तिन्हींची बेरीज करून डॉक्टरांना दाखव.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक (हार्मोन), 'खाली आणायचे' असे तू म्हणालास, पण ते काही शत्रू नव्हे. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. पहाटे ते चढते, म्हणून आपण ताजेतवाने उठतो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते. ही लय शरीराच्या आतल्या घड्याळावर चालते आणि झोप बिघडली की तीही बिघडू शकते, आणि रात्री ९ वाजता तुझ्या हातात कॉफीचा मग होता. त्यातले निम्मे कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण ५ तास लागतात. सकाळी पुन्हा उपाशीपोटी कॉफी आणि दुपारपर्यंत अन्नाचा कण नाही. रक्तातली साखर फार उतरली की शरीर ताणाचीच संप्रेरके सोडते, मग चिडचिड होणारच. वेळेवर प्रथिनयुक्त न्याहारी आणि दुपारनंतर कॉफी बंद, एवढे महिनाभर कर. बाकी काही एकदम बदलू नकोस, नाहीतर गुण कशाचा आला हे कळणार नाही.

मी स्वतः सहा महिने थकवा आणि उदासीपायी टॉनिके घेत राहिले. दोष थायरॉईडचा निघाला. ते महिने वाया गेल्याची हळहळ मला अजून आहे. म्हणून थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि लोह यांची तपासणी कर. केसांसाठीच्या तुझ्या गोळीत बायोटिन हे जीवनसत्त्व आहे, त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात; ती आधी किती दिवस थांबवायची हे डॉक्टरांना विचार.

अश्वगंधा वनस्पती आहे म्हणून निर्धोक, असे समजू नकोस. क्वचित तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉईडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नकोस. त्यावर त्यांनी औषध दिले, तर या बाटल्यांतले काहीही त्यांना न विचारता सोबत घेऊ नकोस.

तपासणीचा दिवस कळव. मी सोबत येईन.

तुझी,
आई