दिवेआगरच्या छपराबद्दल, डार्विनहून

डार्विन (ऑस्ट्रेलिया), 9 नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

येत्या पावसाळ्याआधी छपराचं काम उरकायचंच, असं तू कळवलंस, बरं वाटलं. बाबांना कौलं हवीत, तुला निळा पत्रा, आणि काका म्हणतात एकदाचा स्लॅब टाकून मोकळे व्हा. फोनवर तिघेही एकदम बोलता, म्हणून माझं म्हणणं लिहूनच पाठवतो.

स्लॅबचा विचार सोडा. आपल्या भिंती चिऱ्याच्या, त्याही मातीत बांधलेल्या. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातं. तेवढं पेलायला खांब-तुळया नव्याने उभाराव्या लागतील, म्हणजे घर पाडून बांधण्यासारखंच. शिवाय खाऱ्या हवेत आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सुटायला लागतं. गळक्या स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड चढवलेली किती घरं गावात आहेत, ते तू बघतोसच.

आता कौल की पत्रा? त्याआधी छप्पर धरून कशाने ठेवायचं ते ठरवू या. या गावात राहायला आल्यापासून मला हे फार पटलं आहे. 1974 च्या नाताळच्या रात्री ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन उद्ध्वस्त केलं. विमानतळावरच्या यंत्राने ताशी 217 किलोमीटरचा झोत नोंदवला आणि मग यंत्रच बंद पडलं. बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. नंतर अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा दिसलं की पातळ पत्रे वाऱ्याच्या नुसत्या जोराने गेले नव्हते. झोत येतो-जातो, येतो-जातो, तसतसा पत्रा खिळ्या-स्क्रूभोवती वर-खाली होत राहतो आणि तिथेच बारीक चिरा पडतात. तार सारखी मागेपुढे वाकवली की तुटते, तसं. मग स्क्रू जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात 1977 पासून चक्रीवादळाच्या चाचण्यांचं केंद्र आहे, तिथे छपरं अशी पुन्हा पुन्हा ओढून बघतात.

म्हणून दादा, निसर्ग वादळातून वाचलेले जे पत्रे तू गोठ्यामागे रचून ठेवले आहेस, ते पडवीवर घालू नकोस. वरून धड दिसतील, पण जुन्या भोकांभोवती चिरा असू शकतात. भंगारात दे.

थोडा हिशोब सांगतो. 3 जून 2020 ला, निसर्ग वादळात, आपल्याकडे ताशी 120 किलोमीटरच्या आसपास वारा होता. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो भरतो. वारा छप्पर दाबतो असं आपल्याला वाटतं, पण बराचसा भाग तो वर ओढतो. कडेला आणि आढ्यापाशी ही ओढ आणखी जास्त. त्यात दार फुटलं की आतूनही रेटा. मंगळुरी कौलांचं वजन चौरस मीटरला 40-45 किलो, अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं जेमतेम पाच. वजनाच्या भरवशावर दोन्ही राहत नाहीत. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

इथल्या घरांत पत्रा ज्या लाकडाला धरलेला, ते लाकूड खालच्या भिंतीला आणि भिंत पायाला लोखंडाने बांधलेली असते. आपले वासे मात्र भिंतीवर नुसते टेकलेले आहेत. तेव्हा गवंड्याला आधी भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा करायला सांग, त्याची सळई खाली चिऱ्यांच्या चार-पाच थरांत उतरवायला लाव, आणि पट्ट्यात बोल्ट बसवून प्रत्येक वासा जस्ती पट्टीने त्याला जखडायचा. वाळवी लागलेला एकही वासा ठेवू नकोस, पोकळ लाकडात स्क्रू धरत नाही. यावर खर्च होईल तो मी पाठवतो. कंत्राटदार म्हणेल काही गरज नाही, वजनाने बसतं. त्याचं ऐकू नकोस.

माझं मत पत्र्याकडे झुकतं. बाबांना वाईट वाटेल, मलाही कौलांखालच्या गारव्याची किंमत कळते. पण वानरं कौलं फोडणार, दरवर्षी ती उतरवून पुन्हा नीट बसवायला माणूस मिळत नाही, आणि तू या वयात पाख्यावर चढावंस हे मला नको आहे. पत्रा जस्त-ॲल्युमिनिअमचा लेप असलेला घे, नुसता जस्ती नको. रंग निळा न घेता पांढरा किंवा मलई घे. इथे उन्हापायी बहुतेक जण फिकाच घेतात. जे-हुक, म्हणजे पत्रा अडकवायचे वाकडे बोल्ट, नकोत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रुंद वॉशर लावून, आणि कडेला-आढ्यापाशी जवळ जवळ. ग्राइंडरने कापताना उडालेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढायचा, नाहीतर तिथूनच गंज धरतो. खाली फळ्यांचा माळा आणि वारा खेळायला मोकळी जागा ठेवली तर उकाडा आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतील.

स्वयंपाकघरावर मात्र कौलंच राहू देत. आईची चूल आहे तोवर धुराला वाट हवी. तेवढं पाखं लहान आहे. तिथे कडेच्या ओळी रिपांना, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना, जस्ती तारेने बांधून घे.

शेवटचं, आणि हे सगळ्यांत काळजीचं. मागच्या पडवीवर घाईत घातलेले सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असणार असंच धरून चाल. ऑस्ट्रेलियात 2003 च्या अखेरीस त्यावर संपूर्ण बंदी आली, आपल्याकडे अजून सर्रास विकतात. न हलवता राहिले तर धोका कमी, पण फोडले, घासले, भोकं पाडली की धागे हवेत जातात आणि फुफ्फुसाचा आजार कित्येक वर्षांनी वर येतो. काढताना पाणी मारून ओले करा, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा, तोंडावर चांगला मास्क हवा, साधा रुमाल पुरत नाही. मुलांना त्या दिवशी वहिनीच्या माहेरी पाठव. आणि तुकडे वाटेवर भर म्हणून टाकू नका.

वाशांची जाडी, त्यांतलं अंतर आणि भिंतीची रुंदी मोजून कळव. स्क्रू किती लागतील ते मी काढून देतो.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
धाकटा