हत्तिणीच्या तळाचं भोक

सुदामा नगर, इंदूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय विजू,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. रागच होता, दुसरं काही नाही. नाशिकला जाताना अंगणात उभी राहून आपल्या हत्तिणीबद्दल, आपल्या दोघींच्या या पलंग-ओटा बसवलेल्या गाडीबद्दल, तू म्हणालीस, ‘विकून टाक, तुझ्या एकटीच्यानं निभायचं नाही.’ ते मनात रुतून बसलं होतं. आज लिहायला बसले, कारण महेश्वरला जे झालं ते मी इथे चार जणांना सांगून पाहिलं. सगळे म्हणाले, देवानं वाचवलं. हेही तेच म्हणाले. देवानं वाचवलं हे खरंच, पण देवाच्या हातात त्या दिवशी तुझं ड्रिल होतं, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

माझी तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू आहे. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

तर, त्रिपुरी पौर्णिमेला लेकीला, मुक्ताला, आणि तिच्या पिलूला घेऊन हत्तिणीनं महेश्वरला गेलो. महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, नेहमीचाच रस्ता. संध्याकाळी घाटावर दिवे सोडले, पिलूनं स्वतःच्या हातानं पाच सोडले. मग आपल्या त्याच धर्मशाळेच्या आवारात गाडी लावली, मुक्तानं चहा केला, खिचडी केली, आणि झोपलो. सिलिंडरचा कॉक बंद करायचा राहिला. मुक्ताला वाटलं मी केला, मला वाटलं तिनं केला.

पहाटे चौकीदारबाबांनी काच वाजवली. ‘माताजी, गाडी के नीचे गैस की बास आ रही है.’ विजू, आत वासाचा मागमूसही नव्हता. पिलू खालच्या बिछान्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर गाढ झोपला होता. मी दिवा लावला नाही, मोबाइलचा टॉर्चही नाही, तू शंभरदा बजावलेलं तेवढं त्या क्षणी आठवलं. पण सरकतं दार उघडलं आणि छतातला दिवा आपोआप लागला. काळजाचा ठोकाच चुकला. ती दाराची वायर काढून टाकू, असं तू म्हणाली होतीस आणि मी म्हटलं होतं, रात्री चपला कशा सापडणार? पोराला उचलून घाटाच्या बाजूला पळाले. मुक्ताला चौकीदारबाबांबरोबर लांब उभं केलं. मग मागे जाऊन चाचपडत कॉक बंद केला.

उजाडल्यावर साबणाचं पाणी घेतलं. रेग्युलेटरपाशी, नळीच्या तोंडावर, बुडबुडे. नळी चिरली होती. त्यावर छापलेलं साल वाचलं: २०१९. पाच वर्षांनी नळी बदलायची हे आपल्याला पाठ होतं. गेल्या वर्षीच बदलायला हवी होती.

आता आठव २०२० चा गणपती. मी आरतीला गेले होते. परत आले तर तू गाडीखाली चटई टाकून आडवी, आणि सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला पन्नास मिलिमीटरचं गोल भोक. मी किती बोलले तुला! चांगल्या गाडीचा पत्रा फोडलास, गंज धरेल, पाणी येईल, मला न विचारता केलंस. तू भूगर्भशास्त्राच्या बाई असल्यासारखी मातीनं माखलेली, आणि शाळेतल्या फिजिक्सच्या आवाजात म्हणालीस, ‘एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. खिडकीतून तो जाणार नाही, तो पाण्यासारखा खाली साचतो. त्याला खालूनच दार हवं.’ आणि ते कपाट आतल्या खोलीकडून तू फेव्हिकॉल, रबर, टेप लावून असं बंद केलंस की मुंगी जाऊ नये. मी चार महिने तुझ्याशी बोलले नाही. दिवाळीचा फराळसुद्धा यांच्या हाती पाठवला. त्या भोकातून सगळा गॅस खाली गेला, विजू. म्हणून वास बाहेर आला, आत नाही.

आणि आता ते सांगते जे मी यांनाही सांगितलेलं नाही. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी होती. उंदरांनी मागच्या दिव्यांच्या वायरी कुरतडल्या. म्हणून मी दिसेल त्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबत सुटले. तुझ्या भोकापाशीही पोचले होते. हातात शेवटचा बोळा होता, तो छोटा निघाला, आत राहीना. म्हणून तिथे जाळीचा तुकडा स्क्रूनं बसवला. बोळा मोठा असता तर मी ते भोक बंद केलं असतं. तेव्हापासून मला रात्री जाग येते, आणि तो बोळा हातात आहे असं वाटतं.

मी खूप विचार केला की हे झालं कसं. कॉक राहिला, नळी जुनी झाली, हे वरवरचं. खरं कारण असं की तू आणि मी कामं वाटून घेतली होती. गॅस आणि वीज तुझी. चाकं, छप्पर, पाणी, कागदपत्रं माझी. तू गेलीस आणि तुझ्या वाटणीची कामं कुणाचीच राहिली नाहीत. मी माझी चोख केली, तुझ्यावरच्या रागात थोडी जास्तच चोख केली. तुझ्या कपाटाचं दार मात्र उघडलंच नाही. त्या दाराच्या आतल्या बाजूला तुझा पेन्सिलीचा तक्ता अजून आहे. तारीख आणि बॅटरीचे व्होल्ट. शेवटची ओळ ‘१२ मे, १२.६’. त्याखाली कोरं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती दिवसांनी घालायचीस, तेही मला सांगता येईना. महेश्वरहून आल्यावर मल्टिमीटर लावला, एक बॅटरी ११.३. दुकानदार म्हणाला, बरेच दिवस रिकामी राहिली, आतल्या प्लेटांवर थर बसला, आता ती भरणार नाही. भरलेली असताना १२.७, निम्म्यावर आली की १२.२, त्याखाली कधी जाऊ द्यायची नाही, हे तू तक्त्याच्या वरच लिहून ठेवलं होतंस. मी दीड वर्ष त्या दाराला पाठ करून बसले.

आता चिंता अशी आहे. मुक्ता नाताळच्या सुट्टीत हत्तीण घेऊन पचमढीला जायचं म्हणते आहे. ती, तिची मैत्रीण, दोघींची मुलं. मी नको. ‘आई, एकदा आम्हाला जाऊ दे.’ गाडी ती छान चालवते, माझ्यापेक्षा छान. पण महेश्वरचं झाल्यावर तिला भीती वाटली नाही, हीच मला भीती वाटते. ‘नवी नळी लावली ना, मग झालं.’ झालं कसं? पचमढीची थंडी तुला आठवते. पहिल्या वर्षी मी सिगडी आत घेऊन बसायचं म्हटलं तर तू ती उचलून सरळ बाहेर पाण्याखाली धरलीस. मी रात्रभर दात वाजवत तुला शिव्या घातल्या. गॅसला निदान वास घातलेला असतो, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो, हे तू दुसऱ्या दिवशी चहा पिताना शांतपणे सांगितलंस. मुक्ताच्या मैत्रिणीनं ‘थंडी वाजली तर शेगडी पेटती ठेवू’ असं म्हटलं की मला कळेल कसं? मी तिथे नसणार.

नाही म्हणू? तू जशी मला म्हणालीस, ‘निभायचं नाही’? ते मी तिला म्हणणार नाही. ऐकून कसं वाटतं ते मला माहीत आहे.

म्हणून मी ठरवलं की माझ्या वाटणीचं तिला हाताला धरून शिकवायचं. रविवारी सुरुवात केली. आधी चाकं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०१९ ला गाडी घेतली तेव्हा त्यावर ३२१४ होतं, २०१४ चा बत्तिसावा आठवडा. तू म्हणत होतीस, नक्षी पूर्ण आहे, कशाला सहा टायरचा खर्च? मी ऐकलं नाही, आणि तू मला ‘टायरवाली काकू’ म्हणायला लागलीस. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, जड गाडीचं तर फार. ते भांडण मी जिंकले होते एवढं तरी मान्य कर. मुक्ताकडून पंधरा दिवसांनी गाडी थोडी पुढेमागे करून घेते, आणि हवा चाकं गार असताना, सकाळी. नुसती चालू करून अंगणात धुरळा काढायचा नाही, राऊपर्यंत जाऊन यायचं, इंजिन नीट तापलं पाहिजे.

वजनासाठी तिला धर्मकाट्यावर घेऊन गेले. सगळं भरून, पाण्याची टाकी पूर्ण, पिलूची सायकलसुद्धा. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, हे तिला काट्यावरच पटलं. घाट उतरताना ते सगळं मागून ढकलतं. जाम घाटात ती ब्रेक दाबत उतरत होती, खाली पोचेपर्यंत करपल्याचा वास यायला लागला होता. आता तिला सांगितलं आहे, दुसऱ्या गिअरमध्ये उतर, पाणी अर्धंच भर, पचमढीत पाणी मिळतं. (तुझी लोणच्याची मोठी बरणी अजून मागच्या कप्प्यात आहे. दोन किलो तरी असेल. रिकामी करत नाही.)

छपराचं मात्र तुझ्यावर जातं. तू पंख्याभोवती सिलिकॉन लावलंस, दुसऱ्या पावसात ते सुटलं आणि माझ्या उशीवर थेंब पडला. मी ते सगळं खरवडून खाली ब्युटाइल टेप घातली, वर सीलंट. तेव्हापासून थेंब नाही. प्रत्येक पावसाळ्याआधी शिडी लावून बोटानं चारही कडा दाबून बघते. यंदा मुक्ताला वर चढवलं, हे खाली शिडी धरून, चेहरा पांढराफटक.

पाण्याची टाकी उभ्या गाडीत भरून ठेवायची नाही, निघण्याआधी ब्लीचनं धुवायची, हे तिला कळलं. धुण्याभांड्यांचं पाणी कॅनमध्ये, आणि कॅन घरी किंवा शौचालयात, हे सांगायचीही गरज पडली नाही. आपल्या इंदूरची मुलं ओला-सुका कचरा वेगळा करत मोठी झाली. नर्मदेत साबणाचं पाणी ओतणाऱ्या त्या जीपवाल्याशी तू सहस्रधारेजवळ तासभर भांडली होतीस, तेव्हा ती तिथेच होती.

कागदांचं मी बघितलं आहे. आत पलंग-ओटा बसवलेला बदल आरसी बुकात नोंदलेला आहे, विमा कंपनीलाही लेखी कळवलेलं आहे. ते नसतं तर उद्या काही झालं की क्लेमच्या वेळी पंचाईत. २०२९ ला पंधरा वर्षं भरतील, मग पुन्हा नोंदणी. तोवर बघू. पिथमपूरच्या कारखान्यातली गाडी आहे, माहेर अर्ध्या-पाऊण तासावर, सुटे भाग मिळतात.

पण तुझी अर्धी वाटणी मी शिकवू शकत नाही. मी आठवून आठवून लिहिलं: साबणाचं पाणी प्रत्येक सहलीआधी, झोपताना कॉक बंद आणि बंद करणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, अग्निशामक दारापाशी, शेगडीपाशी नाही, म्हणजे आग लागली तर तिच्यावरून हात घालावा लागत नाही. यापुढे हात अडतो. फ्यूजच्या डब्यातली कुठली कशाची? इन्व्हर्टर बंद केल्यावरही काहीतरी बॅटरी खातं, ते काय? दुकानदार म्हणतो नवी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, वजन निम्म्याहून कमी, आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण चार्जर बदलावा लागेल म्हणतो, आणि सोलरचा कंट्रोलर त्याला चालेल का ते त्यालाही सांगता येत नाही. हे पैसे आता घालावेत का? अर्धी गाडी तुझी आहे, तुझ्याशिवाय मी ठरवणार नाही.

तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला तुझ्या सुनेच्या स्टेटसवरून कळलं. मी विचारलंही नाही, हे मला फार लागलं आहे. फिजिओ रोज करतेस ना? नात रांगायला लागली असेल. गंगापूर रोडच्या त्या घरात तुझ्या हत्यारांच्या पेटीला जागा मिळाली का, की माळ्यावर?

तर असं कर. जानेवारीत नाही, डिसेंबरच्या आत, मुक्ता निघण्याआधी. बसता येत असेल तर ये, मी आणि हे नाशिकला घ्यायला येतो, हत्तीण घेऊनच, मागचा पलंग तुला आडवं व्हायला. येता येत नसेल तर लिहून पाठव, तुझ्याच अक्षरात, फोनवर नको. मुक्ता ते त्या कपाटाच्या दारावर चिकटवणार आहे, तुझ्या तक्त्याच्या शेजारी.

नवी नळी बसवली आहे, आयएसआयची, ऑरेंज. तुझ्या भोकाची जाळी काढून मोठ्या छिद्रांची घातली, उंदीर येणार नाही आणि वारा अडणार नाही अशी. तक्त्यात मीच पुढची ओळ घातली: ‘९ नोव्हेंबर, एक १२.५, एक गेली.’ त्याखाली जागा ठेवली आहे.

तुझीच,
शैला

ता. क. दाराच्या दिव्याची वायर काढली. चपला सापडत नाहीत.