कपलर काढण्याआधी

दादर, मुंबई
१२ जुलै

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

काकांच्या १९७४ च्या मर्सिडीज २८० ई मधली डी-जेट्रॉनिक ही बॉशची जुनी पेट्रोल-इंजेक्शन यंत्रणा काढून तू नवा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, बसवणार आहेस, हे वाचून आनंद झाला. पण ‘जुने वायरिंग एकदाचे उपटून टाकतो’ हे वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही. कृपा करून तसे करू नकोस. कोणती तार कोठून कोठे जाते हे त्या वायरिंगखेरीज आता कोणीही सांगू शकणार नाही, म्हणून प्रत्येक कपलरला, म्हणजे तारांच्या टोकाच्या प्लगला, चिठ्ठी बांधून, फोटो काढून मगच तो सोडव.

हे मी माझ्या गाडीवर भोगले आहे. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणि इंजिन गार असतानाच तो व्हॉल्व्ह चालू होऊ देणारा थर्मो-टाइम स्विच या चौघांनाही बॉशचा तोच दोन पिनांचा कपलर बसतो. गेल्या पावसाळ्यात इंजिनाचे हेड पुन्हा बसवताना शेवटच्या दोघांचे कपलर माझ्या हातून अदलाबदल झाले आणि सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना. तीन दिवस मी पंप, प्लग आणि डिस्ट्रीब्युटर यांच्यामागे लागलो होतो. अखेर ईसीयूच्या २५ पिनांच्या कपलरवर मीटर लावला, तेव्हा सेन्सरच्या पिनांवर दोन-अडीच हजार ओहम दिसायला हवे होते, तेथे शंभरही दिसेनात. इंजिन गार असूनही ईसीयूला ते तापलेले वाटत होते, म्हणून तो पेट्रोल हात आखडून सोडत होता. आणि कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हला ज्या स्विचमधून अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) मिळायचा, तो स्विच त्याच्या तारेवर नव्हताच.

तेव्हा कपलरच्या आकारावर न जाता प्रत्येक भाग मोजून ओळख. इंजेक्टर साधारण २.४ ओहम दाखवतो, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह सुमारे ४, आणि पाण्याचा सेन्सर २० अंशांना दोन ते तीन हजार, जो इंजिन तापल्यावर काहीशेंवर उतरतो. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) प्रेशर सेन्सरमध्ये दोन वेटोळी असतात, एक अंदाजे ९० ओहमचे, दुसरे ३५० चे. नव्या ईसीयूला हा सेन्सर उपयोगाचा नाही, परंतु त्याला जाणारी व्हॅक्यूमची नळी मात्र तुला नव्या प्रेशर सेन्सरसाठी लागेल.

रंगांवर फार विसंबू नकोस. जर्मन गाडीत तपकिरी तार अर्थची आणि लाल तार थेट बॅटरीची हे खरे, पण पन्नास वर्षांच्या उष्णतेने सगळ्याच तारा काजळीच्या रंगाच्या झालेल्या असतात. टर्मिनलांवरचे अंक अधिक विश्वासाचे आहेत: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, ३१ म्हणजे अर्थ, आणि रिलेवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर) ८५ व ८६ कॉइलचे, तर ८७ बाहेर जाणारा.

एका बाबतीत मात्र चूक अजिबात परवडणार नाही. १२ व्होल्टवर २.४ ओहमचा इंजेक्टर सरळ जोडला तर ५ अँपिअर ओढतो, आणि नवे ईसीयू बहुधा १२ ते १६ ओहमच्या इंजेक्टरसाठी बनवलेले असतात, ज्यांना एक अँपिअरच्या आसपास पुरतो. जुने इंजेक्टर ठेवणार असशील तर प्रत्येकाशी सुमारे ६ ओहमचा, उष्णता सोसणारा रेझिस्टर एकसर जोड, नाहीतर ईसीयू जळेल.

काका वरळीला राहत होते तेव्हा ही गाडी कित्येक वर्षे खाऱ्या वाऱ्यात उभी होती, हे विसरू नकोस. माझ्या गाडीत एका तारेचे इन्सुलेशन नखाने सोलले, तर ते पापडासारखे तुटले आणि आत तांब्याला हिरवा गंज चढलेला होता. जेमतेम एक-दोन धागे शिल्लक होते. तरीही मीटर तार सलग असल्याची बीप देत होता! म्हणून पंपाच्या आणि अर्थच्या तारा नुसत्या बीपवर पास करू नकोस. त्यांच्यातून हेडलाइटचा बल्ब पेटवून पाहा. तो मंद पेटला तर ती तार बदल.

इंजेक्टर केव्हा उघडायचे हे ईसीयूला कळवणाऱ्या, डिस्ट्रीब्युटरमधल्या ट्रिगर पॉइंटविषयी कागदावर समजावणे कठीण आहे. शनिवारी इंद्रायणीने येतो, मीटर आणि चिठ्ठ्या घेऊन येतो. तोवर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेव.

काकूंना नमस्कार.

तुझा मित्र