राणीच्या बागेतल्या माळीमामांना

माळीमामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी आईला घेऊन भायखळ्याला आले होते. तिची नजर जवळजवळ गेली आहे. "मला काय दिसणार तिथे?" असं ती घरापासून म्हणत होती. मी झाडांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते आणि ती नुसती "हं" म्हणत होती. तुम्ही झाडू बाजूला ठेवून आलात. "आजींना पाटी नको ताई, झाड दाखवा."

तुम्ही तिचे हात गोरखचिंचेच्या खोडावर ठेवलेत. पूर्ण पसरूनही ते पुरेनात. "अगं, हा हत्तीच आहे!" मग कृष्णवडाचं गळलेलं पान दिलंत. त्याच्या देठाशी वळलेला द्रोण तिनं चाचपला आणि कृष्णानं त्यात लोणी लपवल्याची गोष्ट तीच तुम्हाला सांगू लागली. कैलासपतीचं खाली पडलेलं फूल तिनं आधी हुंगलं. नागफण्याखालची पिंड बोटाला लागली, तशी ते कपाळाला टेकवलं.

१८६२ साली ही बाग व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून खुली झाली. आम्ही लहानपणी यायचो ते वाघ-माकडं बघायला. पिंजऱ्यांच्या वाटेवर आफ्रिकेतली, दक्षिण अमेरिकेतली झाडं उभी आहेत, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

पण खरे आभार उर्वशीसाठी. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं, बी क्वचितच धरणारं, म्हणून सहसा कुठे भेटत नाही. फूल तोडायचं नाही, हा तुमचा नियम. तुम्ही फांदी हलकेच वाकवून तो झुंबरासारखा घोस आईच्या तळहातावर टेकवलात. "लाल आहे आजी, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका." ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "लाल म्हणजे कसला? कुंकवाचा की डाळिंबाचा?" तुम्ही फुलाकडे पुन्हा नीट पाहिलंत आणि म्हणालात, "कुंकवाचा." इतक्या मनापासून तिला कुणी रंग सांगितला नव्हता. मीसुद्धा नाही.

कृष्णवडाचं पान तिनं देवघरात ठेवलं आहे. वाळून कडक झालंय, द्रोण मात्र तसाच आहे. गोरखचिंचेला पालवी फुटली की आम्ही परत येतो. आईला तिची पानं हातात घेऊन बघायची आहेत.

तुमची,
आजींची लेक