नान्नजच्या माळावरचे कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईतल्या डीजेविरुद्ध आपल्याकडे वृद्धांच्या, रुग्णांच्या, परीक्षार्थींच्या बाजूने पत्रे येतात. ती रास्तच आहेत. मला रातकिड्यांची बाजू मांडायची आहे.

पावसाळा सरताना सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या माळाकडे रात्री थांबले, की किरकिर चहूकडून येते. किरकिरणारा नर नेमका कुठे बसला आहे, हे आपल्याला सांगता येत नाही. मादीला मात्र अंधारात त्याच्यापर्यंत पोचायचे असते. तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. दोन्ही कानांत अंतर जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे आवाज एका कानानंतर दुसऱ्यावर पोचायला सेकंदाचा तीस हजारावा भागही लागत नाही. एवढ्याशा फरकावरून दिशा कशी कळणार? त्यासाठी तिच्या शरीरातच सोय आहे. छातीच्या बाजूच्या छिद्रातून एक नळी कानाच्या पडद्यामागे जाते आणि डावी-उजवी नळी मधोमध जोडलेली असते. पडद्यावर आवाज बाहेरूनही दाब देतो, आतूनही. दिशेप्रमाणे या दाबांचा मेळ बदलतो, नराच्या बाजूचा पडदा अधिक थरथरतो आणि ती तिकडे वळते. प्राणिशास्त्रज्ञ योहान रेगेन यांनी १९१३ मध्ये नराची किरकिर टेलिफोनवरून ऐकवली, तेव्हा माद्या चक्क त्या यंत्राकडे चालत गेल्या!

अमेरिकेतली ऑर्मिया माशी तर याच किरकिरीवरून रातकिडा हुडकून त्याच्यावर अळ्या सोडते. तिच्या कानांत अंतर अर्ध्या मिलिमीटरचे, तरी दिशा ओळखण्यात ती जेमतेम दोन अंशांची चूक करते. तिच्या कानावरून श्रवणयंत्रांसाठी मायक्रोफोन घडवले गेले.

ज्यांचा संसार असा आवाजावर चालतो, त्यांच्या माळाशेजारी मध्यरात्रीपर्यंत कर्णे वाजतात. रातकिड्याच्या पायात जमिनीची कंपने टिपणारी इंद्रियेही असतात, त्यामुळे दणका तिथेही पोचतो. माळढोकापासून चंडोलापर्यंत माळावरचे पक्षी किडे टिपूनच पिल्ले वाढवतात, हेही ध्यानात घ्यावे.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाहीत. रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते. अभयारण्याच्या हद्दीलगतही तसे क्षेत्र जाहीर करावे, आणि तोवर निदान दहाची वेळ माळाशेजारच्या बार्शी रस्त्यावरही पाळली जावी, अशी जिल्हा प्रशासनाला व वन विभागाला आपल्या दैनिकामार्फत कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सोलापूर