टिचकीचं रग्बी

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीतला 'सबुटिओ'वरचा, म्हणजे टेबलावर छोट्या बाहुल्यांना टिचकी मारून खेळायच्या खेळावरचा लेख आवडला, पण त्यात सगळा फुटबॉलच. या खेळाचा रग्बी अवतारही होता, त्याचं नावसुद्धा नाही!

इंग्लंडच्या केंटमधल्या पीटर अडॉल्फ यांनी १९४६-४७ मध्ये हा खेळ आणला. पक्ष्यांचं वेड असलेल्या या माणसाला नाव 'हॉबी' हवं होतं. ते नोंदवता येईना, म्हणून हॉबी जातीच्या ससाण्याच्या शास्त्रीय नावातला 'सबुटिओ' उचलला. रग्बीचा संच नंतरचा.

मी जहाजावर नोकरीला असताना कार्डिफच्या जुन्या बाजारात तो घेतला. लंबगोल चेंडू, एका बाजूला पंधरा गडी, म्हणजे बाहुले. 'स्क्रमर' नावाच्या प्लास्टिकच्या खोक्यात वरून चेंडू टाकायचा, तो कोणाच्या बाजूने बाहेर पडेल ते नशिबावर! गोलवर मारायला वेगळा, थोराड 'किकर'. टिचकी मात्र कॅरमवाल्याच्या हाताला लगेच जमते.

माझे दोन गडी घोट्याशी मोडलेत. फेविक्विकने चिकटवले, तर आता तिरके उभे राहतात. संग्राहक अशांना हात लावत नाहीत. नातू नेमके तेच मागतो.

— एक निवृत्त खलाशी, ठाणे